बाकाखालची डबी

शालूबाईच्या तोंडी लागू नये, हे सोनाळ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण तिच्या तोंडून आपलं नाव निघावं म्हणून भलेभले व्याही मांडवात मुद्दाम पुढच्या खुर्चीवर येऊन बसत, हेही तेवढंच खरं. वरपक्षाची पंगत बसली की शालूबाई पदर खोचून उभी राहायची. मागे तिची मैत्रीण पुष्पाबाई आणि आणखी पाच-सात बाया. मग व्याह्याच्या नावानं जी गाणी सुरू व्हायची, त्यात त्याची मिशी, त्याचं पोट, त्याचं धोतर आणि धोतराच्या आतलं-बाहेरचं काही म्हणजे काही सुटत नसे. नव्या सुना पदरात तोंड खुपसायच्या. मास्तरलोक हात धुवायचं निमित्त करून उठायचे आणि खांबाआड उभे राहून सगळं ऐकायचे.

पण या शिव्यांनाही कायदा होता, आणि शालूबाई त्याला फार मानायची. ज्याला म्हणायचं त्याचं नाव घेऊन म्हणायचं. त्याच्या समोर उभं राहून म्हणायचं. आणि गाणं संपलं की गप्प बसून त्याला उत्तर द्यायला जागा द्यायची. उत्तर झालं की व्याही नारळ आणि लुगडं देतो, बाई त्याच्या पाया पडते, आणि गाण्यातला ‘तू’ गाण्यातच राहून पुन्हा ‘तुमी’ सुरू होतं. तिच्या आईनं तिला हे असंच शिकवलं होतं.

तीन वर्षांपूर्वी वरवट बकालच्या मंगल कार्यालयात तिच्या लेकीचं, सुचिताचं लग्न लागलं. मुलीच्या आईनं त्या दिवशी तरी गप्प राहावं, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. शालूबाई कसली ऐकते! जावयाचे वडील उत्तमराव पाटावर बसले न बसले तोच तिनं सुरू केलं:

“उत्तमराव इवाई आला गं, पोट आलं आधी,
उरलेला उत्तमराव आला गं, पंगत उठल्यामधी!”

उत्तमरावांच्या हातातली पुरी हातातच राहिली. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते उठले, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, “इहीनबाई, हे पोट अजून अर्धंच भरलं हाय. तुमच्या घरची पंगत पुरते का नाही ते सांगा!” लोकांनी मांडव डोक्यावर घेतला. पाच वर्षांचं पोर असो की ऐंशीचा म्हातारा, त्या दिवशी रुसून गेला असा एकही माणूस नव्हता.

अशी ही बाई. आणि तिनं यंदाच्या लग्नसराईत एकही गाणं म्हटलं नाही.

तीन आमंत्रणं आली, तिन्ही परत पाठवली. पुष्पाबाईनं खोदून विचारलं, तेव्हा गळा बसला म्हणाली. गळा ठणठणीत होता. जे बिघडलं होतं ते ती कुणाला सांगणार?

झालं होतं असं. उन्हाळ्यात तिनं कुरडया घातल्या, पापड लाटले आणि डबा भरून सुचिताला द्यायला निघाली. वरवट बकालच्या स्टँडवर उतरली आणि जावई गाडी घेऊन येईपर्यंत बाकावर बसली. शेजारी पांढऱ्या कपड्यातले एक गृहस्थ पेपर वाचत होते, पलीकडे कॉलेजच्या दोन पोरी. आणि एकाएकी तिच्या बुडाखालून आवाज आला. साधासुधा नाही, चांगला लांबलचक, शेवटी वळण घेतलेला. गृहस्थांनी पेपर खाली केला. शालूबाईला वाटलं, पलीकडची पोरगी असेल. पण दुसरा आवाज आला तो थेट तिच्याच खालून. तिनं डब्याचं झाकण उघडून वास घेतला, कुरडया आंबल्या की काय म्हणून. तिसऱ्या आवाजाला गृहस्थ नाकाला रुमाल लावून उठले आणि पोरी हसत हसत पळाल्या. लोक माना वळवून पाहू लागले. शालूबाई उठली, दहा पावलं लांब जाऊन उभी राहिली, आणि तिथंही लोक बाजूला सरकले. तिनं पदर तोंडावर ओढला आणि समोर लागलेल्या परतीच्या एस्टीत चढली. डबा मांडीवर तसाच. लेकीला फोन करून सांगितलं, ताप भरला म्हणून.

तेव्हापासून ती चार महिने एस्टीत बसली नव्हती. संग्रामपूरच्या डॉक्टरकडून गोळ्या आणल्या. उडदाचं वरण सोडलं, हरभऱ्याची डाळ सोडली, वांगं तर घरात आणलं नाही. पातळ भात आणि ताक, सकाळ-संध्याकाळ. बायांच्या घोळक्यात ती कडेला बसू लागली. पाच गावच्या व्याह्यांची अब्रू चव्हाट्यावर मांडणाऱ्या बाईला आता स्वतःच्या पोटाचा भरवसा उरला नव्हता. चारचौघांत उभं राहून पोटातून हसायचं कसं, गायचं कसं? ऐन कडव्यात तसं काही झालं तर?

पोळा झाला आणि आठच दिवसांनी शिवम आला. शिवम म्हणजे सुचिताचा धाकटा दीर. अंगावर काळा टीशर्ट, हातात दोन मोबाइल. गाडीवर मागे सुचिताही होती, पण ती आईच्या डोळ्याला डोळा देईना.

“मावशी, एक गंमत पाहा,” असं म्हणून शिवमनं मोबाइल तिच्यापुढं धरला.

तो आणि त्याचे मित्र लपवलेल्या कॅमेऱ्यानं लोकांची फजिती करायचे आणि मोबाइलवर टाकायचे, हे शालूबाई ऐकून होती. आता त्यांनी त्याचाच दोन तासांचा सिनेमा केला होता. नाव ‘गंडवलं बे!’ शालूबाईनं चष्मा लावला. पडद्यावर वरवटचं स्टँड, तोच बाक. त्या बाकावर एक म्हातारी, मांडीवर डबा. आवाज. म्हातारी डबा हुंगते. पुन्हा आवाज, मागून खदाखदा हसणं, खाली फिरणारी अक्षरं. मग पोत्यानं झाकलेली पांढरी गाडी दिसली, गाडीत शिवम दिसला. त्यानं बाकाखालून काढलेली काळी डबी कॅमेऱ्यापुढं नाचवून दाखवली.

“मोबाइलचं बटन दाबलं का वाजते,” शिवम म्हणाला. “सगळ्या सिनेमात तुमचाच सीन भारी हाय, मावशी. अस्सल!”

शालूबाईनं चष्मा काढला. मग हळू आवाजात विचारलं, “म्हंजे ते माह्या पोटातलं नव्हतं?”

शिवमनं जमिनीवर हात आपटले. “आई शप्पथ! तुमाले आतापर्यंत खरं वाटलं? हे बी कॅमेऱ्यावर पाह्यजे होतं न!”

सुचिता म्हणाली, “माय, तुले तं ताप आला होता न त्या दिवशी?” आणि विचारतानाच तिला उत्तर कळलं. तिनं मान खाली घातली.

शिवमनं खिशातून एक कागद काढला. ज्या कंपनीच्या ॲपवर सिनेमा जाणार होता तिची अट होती, ज्याचं तोंड दिसतं त्याची सही हवी. सगळ्यांच्या झाल्या होत्या, एकट्या शालूबाईची राहिली होती. तिची सही नाही तर तिचा सीन नाही, आणि तिच्या सीनशिवाय कंपनी सिनेमा घेईना.

“भाऊ, मीच काऊन?” शालूबाईनं विचारलं. “तुमी मले वळखलं नाही का?”

“वळखलं न! म्हनूनच तं!” शिवम अगदी मोकळ्या मनानं म्हणाला. “दुसरी म्हातारी रडली-बिडली असती. पोरं म्हने, ही मावशी लग्नात एवढं बोलते, हिले काय लाज? तुमी माह्या बाबांले पंगतीत काय काय म्हटलं होतं! त्याईनं राग धरला का? मंग आमी जराशी गंमत केली तं काय झालं?”

साऱ्या जन्मात तिला उत्तर सुचलं नाही असं पहिल्यांदाच झालं. पोराच्या बोलण्यात काहीतरी चुकत होतं, हे तिला पक्कं कळत होतं. पण काय, ते हाताला लागेना.

ती चहा करायला आत गेली तशी सुचिता मागोमाग आली. “माय, करून टाक सही. घरचे सगळे त्या सिनेमाच्या मागं लागले. सासूबाई काल म्हने, तुह्या मायपायी माह्या पोराचं नशीब अडून राह्यलं. मले तिथं राहा लागते न, माय.”

“तू हासली का पाहून?”

सुचिता कप मांडू लागली. मग म्हणाली, “पहिल्यांदा हासली. तू डबा हुंगला तवा. मंग मले डबा दिसला. आपला डबा.”

चहाला उकळी आली आणि शालूबाईला उत्तर सापडलं. ते इतकं साधं होतं की आधी कसं सुचलं नाही, याचाच तिला राग आला. चहाचा कप शिवमपुढं ठेवून ती म्हणाली, “सही देईन, भाऊ. पन एक बोली. पहिले हा सिनेमा वरवटले दाखवा, त्याच कार्यालयात, सगळ्या गावासमोर. मी माह्या बाया घेऊन येईन. माहा सीन झाला का मी तुमच्या नावानं गानं म्हनीन. मंग सही.”

शिवम चहा अर्धा टाकून उभा राहिला. “मावशी, तुमी तं धमाका करता! गानं बी सिनेमात टाकू!” त्याला वाटलं, फुकटात जाहिरात झाली. गाण्यात आपण कुठं बसणार आहोत, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

त्या रात्री शालूबाईनं उडदाचं वरण केलं, वर लसणाची फोडणी घातली, आणि दोन भाकरी कुस्करून खाल्लं. पोट आपलं होतं, आणि चांगलं होतं. चार महिने तिनं त्याच्यावर उगाच आळ घेतला होता.

रविवारी दुपारी कार्यालय भरलं. खुर्च्यांवर लग्नातल्याच पांढऱ्या खोळी होत्या, खिडक्यांना पडदे लावले होते. पुढच्या खुर्चीत उत्तमराव, त्यांच्या शेजारी शिवम. बायांच्या बाजूला सुचिता डोक्यावर पदर घेऊन सासूजवळ बसली होती. सोनाळ्याहून सात बाया जीपमध्ये बसून आल्या होत्या.

सिनेमा सुरू झाला. कुणाच्या चपला जमिनीला चिकटवल्या, कुणाच्या चहात मीठ घातलं. स्टँडवर फळांची गाडी लावणाऱ्या रहेमतुल्लाभाईंच्या टरबुजातून एकाएकी हात बाहेर आला आणि ते टोपी सोडून पळाले. रहेमतुल्लाभाई मागच्या रांगेत बसून स्वतःच हसत होते, पण घाम पुसत हसत होते. पोरं शिट्ट्या मारत होती. मग बाक आला.

पहिल्या आवाजाला कार्यालय फुटलं. म्हाताऱ्यांनी मांड्या बडवल्या, बायांनी पदर तोंडात धरले. खोटं कशाला सांगा, पडद्यावरची म्हातारी डबा हुंगू लागली तेव्हा खुद्द शालूबाईलाही हसू आलं. आवाज वाजला की माणूस हसणारच, त्यात काही पाप नाही. तिच्या मागं पुष्पाबाई तर हुंदके दिल्यागत हसत होती. पण मग पडद्यावरच्या म्हातारीनं पदर तोंडावर ओढला आणि खांदे पाडून एस्टीकडं चालू लागली, तरी हसणं थांबलं नाही. शालूबाईला वाटलं, जावं आणि त्या बाईचा हात धरावा. एवढं सगळं गाव हसतंय, आणि का ते तिला एकटीलाच माहीत नाही. पुष्पाबाईचं हसणं मध्येच तुटलं. “शाले,” ती म्हणाली, “तुहा गळा यापायी बसला होता?”

शालूबाई उठली. “दिवे लावा,” ती ओरडली, आणि कुणीतरी लावले.

ती पडद्याला पाठ देऊन उभी राहिली, पदर खोचला. सात बाया मागं आल्या. सुचितानं मोबाइल काढला आणि उभी राहून हात उंच करून धरला, सगळ्यांना दिसेल असा.

“हा शिवम उत्तमराव,” शालूबाईनं बोट दाखवलं, “इथं पुढं बसला हाय. मी शालू, इथं उभी हाय. लपलेलं कोनी नाही. आता आयका.

डबी ठेवली बाकाखाली गं, शिवम लपला गाडीत,
बटन दाबते तिकडं मेला, वारं म्हातारीच्या साडीत!”

“वारं म्हातारीच्या साडीत!” बायांनी उचललं. लोकांनी टाळ्या पिटल्या. शिवमही हसला, दोन्ही हात वर करून त्यानं लोकांना दाद दिली.

“चार गडी राखनीले गं, गाडी झाकली पोत्यानं,
समोर यायचं नाव काढलं तं धोतर भिजलं भेत्यानं!”

आता हसण्याची तऱ्हा बदलली. मघाशी लोक पडद्याकडं पाहून हसत होते, आता एका खुर्चीकडं पाहून हसू लागले. मागच्या पोरांनी, शिवमच्याच मित्रांनी, “भिजलं बे, भिजलं!” म्हणून आरोळी ठोकली. शिवमचे कान लाल झाले. त्यानं मान वळवून पाहिलं, तर मागून रहेमतुल्लाभाई खुर्चीवर उभे राहून पाहत होते.

“उत्तमरावचा लाडका लेक गं, मोठा झाला नावाले,
डबी त्याची पादली बाई, वास सुटला गावाले!”

“वास सुटला गावाले!” या वेळी बायांच्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला, कोवळा आणि जोरदार. शालूबाईनं पाहिलं. सुचिता. सासूच्या शेजारी उभी, एका हातात मोबाइल, डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरलेला, आणि ती आईच्या सुरात सूर लावून आपल्याच सासरच्या नावानं गात होती. शालूबाईचा ऊर भरून आला.

शिवमनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अगदी पडद्यावरच्या म्हातारीसारखं.

मग शालूबाई थांबली. कायद्याप्रमाणं उत्तराला जागा दिली. उत्तमरावांनी पोराच्या पाठीवर थाप मारली. “ऊठ बे, उत्तर दे. इहीनबाई समोर हायेत. तुले उत्तर द्याले जागा तं देऊन राह्यले.”

शिवम उठला. सुचिताच्या हाताकडं पाहून म्हणाला, “वहिनी, बंद करा न ते. कुठी टाकू-बिकू नका.”

“टाकायचं तं हाय,” सुचिता म्हणाली. “पन लपून नाही. तुमाले इचारून.”

शालूबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि शिवम तिच्याकडं ठेवून गेला होता तोच कागद काढला. तिच्या नावाची जागा अजून कोरी होती. “भाऊ, तुमचाच कागद हाय. खाली सही करा, का ह्या गान्याले तुमची हरकत नाही. तुमची झाली का तिच्याच खाली माही करीन.” गाणं संपलं होतं, म्हणून ती पुन्हा ‘तुमी’वर आली होती.

कुणीतरी पेन पुढं केला. शिवमनं तो हातात घेतला, कागदाकडं पाहिलं, मागं बसलेल्या गावाकडं पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, “लोकं हासतीन न, मावशी.”

“हासतीन,” शालूबाई म्हणाली. “म्या चार महिने पातळ भात खाल्ला. तुमी तं फक्त ऐकून राह्यले.”

पेन तसाच राहिला. शालूबाईनं त्याच्या हातातून कागद काढून घेतला, चार घड्या केल्या आणि पिशवीत ठेवला. सुचिताच्या सासूनं काही बोलायला तोंड उघडलं, तर उत्तमराव जागेवरूनच म्हणाले, “या गोष्टीवरून सूनबाईले घरात एक शब्द बोलायचा नाही. पोरगं उत्तर देऊ शकलं नाही, तिथंच खेळ संपला.” आणि ते उठून नारळ-लुगडं आणायला माणूस धाडू लागले. शालूबाईनं हात जोडले. “नको, इवाईबुवा. लुगडं उत्तर देनाराच्या हातून घेते मी. भाऊले सुचलं का सोनाळ्याले घेऊन या म्हना.”

सिनेमा पुढं गेला की अडला, हे शालूबाईनं कधी विचारलं नाही. तिचा सीन त्यात नव्हता, एवढं सुचितानं फोनवर सांगितलं.

त्या दिवशी बाया जीपनं परत गेल्या, पण शालूबाई म्हणाली, मी एस्टीनं येते. कुरडयांचा तो डबा तिनं या खेपेला लेकीला पोचवला होता, आणि सुचितानं तो रिकामा करून उडदाच्या वड्यांनी भरून दिला होता. स्टँडवर ती त्याच बाकावर बसली. बुड टेकण्याआधी वाकून खाली पाहिलं, मग ऐसपैस बसली. एस्टी आली. खिडकीजवळची जागा रिकामी असूनही ती मधल्या सीटवर बसली, दोन्हीकडं माणसं, आणि वडे खाऊ लागली. एक, दोन, पाच.

सोनाळा जवळ येता येता, गाडी खड्ड्यात आदळली आणि आवाज झाला. या वेळी कुणाच्या डबीचा नाही. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला, पुढच्या दोघांनी माना वळवल्या, कंडक्टरनं मशीनमधून डोकं वर काढलं.

शालूबाईनं तोंड झाकलं नाही. सहावा वडा हातात धरून तिनं साऱ्या गाडीकडं पाहिलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, “माहाच होता. शालू नाव हाय माहं, सोनाळ्याची. कोनाले उत्तर द्यायचं असन तं द्या!”